पळणारं युरेनियम, अडवणारं फॉस्फेट

भूजलात युरेनियम सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. बातमीत एक आकडा असतो, 'सुरक्षित मर्यादेच्या इतक्या पट' असं एक वाक्य असतं आणि बरेचदा वर अणुभट्टीचं चित्र लावलेलं असतं, मग आसपास कुठेही अणुभट्टी नसली तरी. वाचणाऱ्याच्या हाती भीतीपलीकडे फारसं काही लागत नाही. त्यात भर म्हणून कुठेतरी वाचायला मिळतं की फॉस्फेटी खतांमधून जमिनीत युरेनियम जातं. आणि दुसऱ्याच ठिकाणी असंही, की युरेनियमने दूषित झालेल्या जमिनीत शास्त्रज्ञ मुद्दाम फॉस्फेट सोडतात. मग फॉस्फेट हा रोग समजायचा की औषध?

दोन्ही विधानं खरी आहेत आणि दोन्हींमागचं कारण एकच आहे. युरेनियमला फॉस्फेटची जबरदस्त ओढ आहे. ही ओढ समजली की खत, खनिजं, हाडं, अणुबाँबचे कारखाने आणि विहिरीचं पाणी अशा एरवी संबंध नसलेल्या गोष्टी एका धाग्यात येतात. माझ्या मते युरेनियमच्या कुठल्याही बातमीत 'किती आहे?' याच्या जोडीला 'कशाशी जोडलेलं आहे?' हा प्रश्न विचारायलाच हवा. बातम्यांत तो जवळजवळ कधीच नसतो.

## किरणोत्सार वेगळा, रसायन वेगळं

युरेनियम हा ९२ क्रमांकाचा जड धातू. जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्लापरोथ यांनी १७८९ मध्ये तो ओळखला आणि त्याच्या आठ वर्षं आधी सापडलेल्या युरेनस ग्रहावरून त्याचं नाव ठेवलं. तो दुर्मीळ आहे ही समजूत चुकीची आहे. साध्या खडकांत टनामागे दोन-चार ग्रॅम युरेनियम सहज असतं, म्हणजे चांदीपेक्षा कितीतरी जास्त.

त्याचा किरणोत्सार होतो तो अणूच्या केंद्रात. केंद्र फुटतं, कण बाहेर पडतात, दुसरं मूलद्रव्य तयार होतं. रसायन मात्र घडतं केंद्राबाहेरच्या इलेक्ट्रॉनांमध्ये. या दोन गोष्टी एकमेकींच्या कामात जवळपास ढवळाढवळ करत नाहीत. युरेनियम कुठल्याही संयुगात असो, त्याचं केंद्र आपल्याच गतीने फुटत राहतं. ती गती अतिशय मंद आहे: निसर्गातलं ९९ टक्क्यांहून अधिक युरेनियम ज्या प्रकारचं आहे, त्याचा निम्मा साठा संपायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. त्यामुळे पिण्याच्या पाण्यातल्या नैसर्गिक युरेनियमचा मुख्य धोका किरणांचा मानला जात नाही. एक जड धातू म्हणून ते मूत्रपिंडाला इजा करतं, हा धोका पुढे धरतात. जागतिक आरोग्य संघटनेची लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा याच रासायनिक विषारीपणावर बेतलेली आहे. ती तात्पुरती म्हणून दिलेली आहे आणि बदलत आली आहे: १९९८ मध्ये २, २००४ मध्ये १५ आणि २०११ पासून ३०. 'मर्यादेच्या दुप्पट' हे वाक्य वाचताना एवढं लक्षात असलेलं बरं.

आता रसायनाकडे. निसर्गात युरेनियम मुख्यतः दोन अवस्थांत भेटतं. जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही तिथे त्याच्यावर चार धन भार असतात आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ऑक्सिजनशी गाठ पडली की ते आणखी दोन इलेक्ट्रॉन गमावतं, सहा धन भारांचं होतं आणि लगेच ऑक्सिजनचे दोन अणू घट्ट धरून ठेवतं. या तिघांच्या जुळणीला युरेनिल म्हणतात. पुढचं सगळं नाट्य या युरेनिलचं आहे.

युरेनिलचा आकार नजरेसमोर आणा: मध्ये युरेनियम, दोन बाजूंना एकेक ऑक्सिजन, तिघेही एका सरळ रेषेत. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातले जेमतेम पावणेदोन भाग, एवढंच अंतर युरेनियम आणि त्या ऑक्सिजनमध्ये असतं. हे बंध इतके मजबूत आहेत की साध्या परिस्थितीत ते तुटत नाहीत. म्हणजे दोन्ही टोकं बंद. बाहेरच्या कुणाला युरेनियमशी जोडायचं असेल तर कमरेभोवतीच यावं लागतं, आणि तिथे चार ते सहा जागा असतात. त्या जागा कोण पटकावतं यावर युरेनियम वाहत जाणार की तिथेच बसणार हे ठरतं.

## कमरेभोवती कोण बसतं?

भूजलात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. त्यातून कार्बोनेट बनतं. कार्बोनेट हा सपाट, त्रिकोणी गट. तो आपले दोन ऑक्सिजन एकाच युरेनियमला देतो. असे तीन कार्बोनेट आले की कंबर भरली, जागा संपल्या. तयार झालेल्या या गोळ्यावर चार ऋण भार असतात. मातीच्या कणांचा पृष्ठभागही बहुतेकदा ऋणभारितच असतो, त्यामुळे गोळा कुठे चिकटत नाही आणि पाण्याबरोबर पुढे जातो. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर तेही या गोळ्याला येऊन मिळतं आणि तो आणखी स्थिर होतो. समुद्राच्या प्रत्येक लिटरमध्ये तीनेक मायक्रोग्रॅम युरेनियम विरघळलेलं आहे ते या कार्बोनेटच्या कृपेनेच.

फॉस्फेटची घडण वेगळी. मध्ये फॉस्फरस, चार कोपऱ्यांत चार ऑक्सिजन, आणि ते चारही वेगवेगळ्या दिशांना तोंड करून. तो एका युरेनिलला घेरून बसत नाही. एक कोपरा एका युरेनिलला, दुसरा दुसऱ्याला, तिसरा तिसऱ्याला, असा तो चौघांना बांधतो. त्या प्रत्येक युरेनिलच्या कमरेलाही चार वेगवेगळे फॉस्फेट येऊन भिडतात. युरेनिल, फॉस्फेट, युरेनिल, फॉस्फेट अशी जाळी सर्व बाजूंना पसरत जाते आणि तिला शेवट नसतो. शेवट नसलेली जाळी म्हणजे घन पदार्थ. पाण्यात ती तरंगू शकत नाही, साका होऊन खाली बसते.

पुस्तकांत हे 'युरेनिल फॉस्फेटची विद्राव्यता अत्यल्प असते' अशा एका ओळीत उरकलेलं असतं. ओळ बरोबर आहे, पण कारण या आकारांत आहे. कार्बोनेट एकाला बंदिस्त करून सुटं ठेवतं, फॉस्फेट अनेकांना एकमेकांशी बांधतं.

## पिवळी-हिरवी पानं

या जाळीचा हिशेब मांडला तर एक गंमत दिसते. युरेनिलचे दोन धन भार, फॉस्फेटचे तीन ऋण. दोघे समसमान संख्येने आले की प्रत्येक जोडीमागे एक ऋण भार शिल्लक राहतो. तो फेडायला कुणीतरी धनभारित हवं. म्हणून हे स्फटिक वहीसारखे बनतात: युरेनिल-फॉस्फेटची जाळी म्हणजे पानं, आणि दोन पानांच्या मध्ये धनभारित आयन (म्हणजे भार असलेले अणू) व पाणी. पानं कायम तीच, मधला पाहुणा बदलतो, आणि तेवढ्याने खनिजाचं नाव बदलतं.

मध्ये कॅल्शियम असेल तर ते ऑट्युनाइट, फ्रान्समधल्या ओतं गावाजवळ सापडलेलं, लिंबासारखं पिवळं. तांबं असेल तर टॉर्बर्नाइट, पाचूसारखं हिरवंगार, स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ टॉर्बर्न बर्गमन यांच्या नावाचं. मॅग्नेशियमचं सालेआइट, बेरियमचं युरॅनोसर्साइट. नुसतं आम्लातलं हायड्रोजन असेल तर चेर्निकोव्हाइट. या सगळ्यांचे पापुद्रे अभ्रकासारखे सुटतात. टॉर्बर्नाइटला तर अठराव्या शतकात जर्मनीत हिरवा अभ्रकच म्हणत. त्यात युरेनियम आहे हे क्लापरोथ यांनीच दाखवलं.

पानांमधलं पाणी फार सैल असतं. ऑट्युनाइटचा नमुना कोरड्या हवेत ठेवला की पाणी निघून जातं, पानं जवळ येतात आणि मेटा-ऑट्युनाइट नावाचं वेगळं खनिज तयार होतं. पुन्हा भिजवून मूळ रूप मिळत नाही. खनिजं जमवणारे लोक म्हणूनच चांगल्या नमुन्यावर लाखेचा पातळ थर देतात. (असे नमुने बंद खोलीत, उशाशी ठेवू नयेत. त्यांतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू सुटतो.)

हायड्रोजन असलेल्या प्रकाराची आणखी एक करामत १९७० च्या दशकात लक्षात आली. त्याच्या पानांमधल्या पाण्यातून हायड्रोजनचे आयन साध्या तापमानालाही भराभर सरकतात, घन पदार्थाच्या मानाने आश्चर्य वाटावं इतके. बॅटरी आणि संवेदक यांत वापरता येईल म्हणून त्यावर बराच अभ्यास झाला. युरेनियमची बॅटरी घरात कोण घेणार, हा प्रश्न तेव्हाही होताच.

## अंधारात चमकतं, म्हणजे किरणोत्सार दिसतो का?

नाही. जांभळ्यापलीकडच्या अतिनील प्रकाशाखाली ऑट्युनाइट झगझगीत पिवळं-हिरवं दिसतं. तो उजेड युरेनिलच्या इलेक्ट्रॉनांचा असतो: ते अतिनील प्रकाश शोषतात आणि थोडी ऊर्जा गमावून हिरवा प्रकाश परत सोडतात. अतिनील दिवा बंद केला की चमक संपते, किरणोत्सार मात्र चालूच राहतो. टॉर्बर्नाइटमध्ये युरेनियम असूनही ते चमकत नाही, कारण शेजारचं तांबं ती ऊर्जा परस्पर पळवतं. म्हणजे न चमकणारा हिरवा दगड निरुपद्रवी असतो असंही नाही.

या दोन गोष्टींची गल्लत खुद्द आंरी बेकरेल यांच्या प्रयोगाच्या मुळाशी होती. १८९६ मध्ये ते युरेनियमचा एक सल्फेट क्षार सूर्यप्रकाशात ठेवून त्याच्या चमकेतून क्ष-किरणांसारखं काही निघतं का हे पाहत होते. आभाळ ढगाळ राहिलं, नमुना फोटोच्या काचेसह खणात पडून राहिला, आणि ऊन न लागताही काचेवर ठसा उमटला. किरणोत्साराचा शोध लागला तो चमकेचा त्याच्याशी संबंध नाही हे कळल्यामुळे.

## खतात युरेनियम येतं कुठून?

समुद्रातून. खतासाठी खणला जाणारा बहुतेक फॉस्फेटचा खडक जुन्या समुद्रतळांवर साचलेला आहे. त्याचं मुख्य खनिज अपेटाइट, म्हणजे कॅल्शियमचं फॉस्फेट. तळाच्या गाळात ऑक्सिजन नसतो. तिथे समुद्राच्या पाण्यातलं युरेनियम चार भारांच्या अवस्थेत येतं, आणि या अवस्थेत त्याचा आकार कॅल्शियमच्या इतका जवळचा असतो की अपेटाइटच्या स्फटिकात कॅल्शियमच्या जागी ते बेमालूम बसतं. लाखो वर्षं हे चालल्यावर एका टन खडकात साधारण ५० ते २०० ग्रॅम युरेनियम जमा होतं. ज्वालामुखीय उगमाच्या अपेटाइटमध्ये ते पुष्कळ कमी असतं, कारण त्याचा समुद्राशी संबंधच आलेला नसतो.

कारखान्यात या खडकावर सल्फ्युरिक आम्ल टाकतात. फॉस्फोरिक आम्ल मिळतं आणि जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा, ढीग उरतो. इथे वाटणी होते: युरेनियमचा मोठा भाग आम्लाबरोबर, म्हणजे पुढे खताबरोबर जातो. युरेनियमच्या विघटनातून बनलेलं रेडियम सल्फेटशी जुळतं, ते जिप्सममध्ये राहतं. हे युरेनियम आम्लातून काढून घेता येतं. अमेरिकेत फ्लोरिडा आणि लुइझियानातल्या कारखान्यांत १९७० च्या दशकापासून पुढची वीसेक वर्षं ते काढलं आणि विकलंही गेलं. भाव कोसळल्यावर ते परवडेना आणि बंद झालं. तेव्हापासून ते युरेनियम खतातच राहतं.

मग खत घातलेलं धान्य विषारी होतं का? तसं म्हणायला आधार नाही. वनस्पती मुळांतून फारच थोडं युरेनियम वर चढू देतात. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात एकाच शेतात एकोणिसाव्या शतकापासून सुपरफॉस्फेट घातलं जात आलं होतं. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की खतातून आलेलं बहुतेक युरेनियम नांगराच्या थरातच अडकून राहिलंय. खतातल्या जड धातूंत अधिक काळजी कॅडमियमची केली जाते, कारण ते पिकात सहज चढतं. युरोपीय संघाने फॉस्फेट खतातल्या कॅडमियमवर बंधन घातलंय ते त्यामुळेच. तरी 'काहीच हरकत नाही' म्हणून विषय संपवणाऱ्यांशीही मी सहमत नाही. मातीत अडकलेलं युरेनियम कायमचं अडकलेलं नसतं. कार्बोनेटयुक्त पाणी भरपूर मुरू लागलं तर त्यातलं काही सुटून खाली जाऊ शकतं. तिथे पुन्हा तीच कमरेची स्पर्धा.

## शरीरात हीच ओढ

पाण्यातून पोटात गेलेल्या युरेनियमपैकी बहुतांश तसंच बाहेर पडतं, रक्तात शिरतो तो एक-दोन टक्क्यांच्या आसपासचा भाग. रक्तात कार्बोनेटचा भाऊ बायकार्बोनेट असतो. तो युरेनिलला उचलून मूत्रपिंडापर्यंत नेतो. तिथल्या नलिकांमध्ये द्रव आम्लधर्मी होऊ लागला की ही जोडी सुटते, आणि मोकळं झालेलं युरेनिल नलिकांच्या पेशींना चिकटून त्यांना इजा करतं. मूत्रपिंड हे त्याचं पहिलं लक्ष्य असण्याचं हे कारण सांगितलं जातं.

जे लघवीतून निघून जात नाही, त्यातलं बरंचसं हाडांत जाऊन बसतं. हाडाचं खनिज म्हणजे अपेटाइटचाच एक प्रकार, खताच्या खडकाचा नातेवाईक. जीवसृष्टीत फॉस्फेट आणखीही अनेक ठिकाणी आहे. डीएनएचा कणा फॉस्फेटचा, पेशीपटलाच्या स्निग्ध रेणूंचं डोकं फॉस्फेटचं. याचाच उपयोग करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्यासाठी त्यांना अनेक दशकं युरेनिल ॲसिटेटने रंगवत आले आहेत. युरेनियम जिथे फॉस्फेट तिथे जाऊन बसतं, आणि जड असल्यामुळे तो भाग गडद दिसतो. एकोणिसाव्या शतकात तर लघवीतलं फॉस्फेट मोजण्याची नेहमीची पद्धतच युरेनियमच्या क्षाराचं द्रावण थेंबथेंब सोडण्याची होती. फॉस्फेट संपलं की जास्तीचं युरेनियम दुसऱ्या रसायनाबरोबर तपकिरी रंग देई.

## बाँबच्या कारखान्यातलं फॉस्फेट

आता अशी एक जागा, जिथे फॉस्फेटने दोन्ही रूपं दाखवली: अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं हॅनफर्ड. दुसऱ्या महायुद्धात इथे अणुभट्टीतून निघालेल्या युरेनियममधून बाँबसाठी प्लुटोनियम वेगळं करायचं होतं. टनभर युरेनियममागे ग्रॅमच्या हिशेबात प्लुटोनियम. स्टॅनली थॉम्पसन यांनी सुचवलेली पद्धत अशी: द्रावणात बिस्मथ फॉस्फेटचा साका पाडायचा, प्लुटोनियम त्याच्याबरोबर खाली येतं. पण फॉस्फेट घातलं तर युरेनियमचाही साका पडणार! तो पडू नये म्हणून द्रावणात सल्फेट ठेवलं. ते युरेनिलची कंबर धरून ठेवी आणि फॉस्फेटला जवळ येऊ देत नसे. प्लुटोनियम मिळालं. सगळं युरेनियम मात्र कचऱ्याबरोबर टाक्यांत गेलं.

युद्धानंतर टाक्यांतलं ते युरेनियम परत हवं झालं. त्यासाठी जे रसायन वापरलं, ते पुन्हा फॉस्फेटच, पण वेगळ्या अवतारातलं. ट्रायब्युटिल फॉस्फेट. यात फॉस्फेटच्या चार कोपऱ्यांपैकी तिघांवर कार्बनच्या शेपट्या जोडलेल्या असतात आणि एकच कोपरा मोकळा असतो. एक कोपरा एका युरेनिलला धरू शकतो, पण त्याला दुसऱ्याशी बांधू शकत नाही. जाळी बनतच नाही. असे दोन रेणू आणि दोन नायट्रेट यांनी युरेनिलची कंबर भरली की भार शून्य होतो, बाहेरून सगळ्या शेपट्या तेलकट, आणि युरेनियम पाण्यातून उठून रॉकेलसारख्या द्रवात जातं. आजही जगभर वापरलेलं अणुइंधन याच रसायनाच्या साधारण ३० टक्के द्रावणाने धुऊन त्यातलं युरेनियम आणि प्लुटोनियम परत मिळवतात. तीन कोपरे झाकले की अडवणाराच वाहक होतो. युरेनियमच्या रसायनातला हा तुकडा मला सगळ्यात देखणा वाटतो.

## मग दूषित जमिनीत फॉस्फेट ओतलं की झालं?

हॅनफर्डनेच हे करून पाहिलं. इंधन तयार करणाऱ्या विभागातलं सांडपाणी वर्षानुवर्षं जमिनीत सोडलं गेलं होतं आणि तिथलं भूजल युरेनियम घेऊन कोलंबिया नदीकडे सरकत होतं. नुसतं फॉस्फेट जमिनीत सोडलं तर ते विहिरीच्या तोंडाशीच कॅल्शियमला भेटून घट्ट होतं आणि दूर पोहोचत नाही. म्हणून पॉलिफॉस्फेट, म्हणजे फॉस्फेटच्या साखळ्या, सोडल्या. पाण्यात त्या हळूहळू तुटतात आणि फॉस्फेट वाटेत सुटत राहतं. आधी ऑट्युनाइट बनावं, मग अपेटाइट बनून त्याने पुढून येणारं युरेनियमही धरावं, अशी योजना. २००७ मध्ये चाचणी झाली, पुढे २०१५ आणि २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाले. चाचणीत युरेनियमची पातळी सुरुवातीला घसरली, पण परिणाम सगळीकडे सारखा टिकला नाही. नदीला पाणी चढलं की भूजल वरच्या कोरड्या थरात शिरतं आणि तिथे साठलेलं युरेनियम नव्याने विरघळवतं, ही तिथली मोठी अडचण.

ब्रिटनमध्ये लिन मॅकास्की यांच्या गटाने हेच काम जिवाणूंकडून करून घेतलं. एका जिवाणूचं विकर (एन्झाइम) सेंद्रिय रेणूतून फॉस्फेट तोडून देतं, आणि ते पेशीच्या अंगावरच युरेनियमशी मिळून स्फटिक बनतं. प्रयोगशाळेत पेशी आपल्या वजनापेक्षा जास्त युरेनियम साठवताना दिसल्या.

निसर्गाने मात्र हा प्रयोग आपल्याआधी केलाय, आणि जास्त सबुरीने. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात कूंगारा इथे युरेनियमचा साठा पाण्यात झिजत राहिला, पण दहा लाखांहून अधिक वर्षांत ते युरेनियम जेमतेम शंभरेक मीटर सरकलं. वाटेत त्याला सालेआइटच्या रूपात फॉस्फेटने धरून ठेवलं. तिथे संशोधकांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली: पाण्यातलं युरेनियम इतकं विरळ होतं की हिशेबाने सालेआइट बनायलाच नको होतं, तरी अपेटाइटच्या कणांच्या पृष्ठभागावर ते बनत होतं. कणाला चिकटून असलेल्या पातळ थरात फॉस्फेट जास्त असतं, म्हणून तिथे जमून गेलं. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या कोल्स हिल इथेही मातीत युरेनियमच युरेनियम आहे, पण ते मेटा-ऑट्युनाइटच्या घराण्यातल्या फॉस्फेटमध्ये अडकल्यामुळे भूजलात फार थोडं उतरतं.

## थांबलं म्हणजे संपलं का?

या सगळ्या उपायांवर सर्वात रास्त आक्षेप हाच. फॉस्फेटने युरेनियम कमी होत नाही. ते जिथे आहे तिथेच राहतं, फक्त पाण्यातून घन रूपात जातं. केंद्रात फुटणं चालू, त्यातून रेडियम, रेडॉन बनणं चालू, आणि रेडॉन वायू असल्यामुळे कुठल्याही जाळीत तो कायमचा अडकत नाही. परिस्थिती बदलली तर साकाही सुटतो. पाणी फार आम्लधर्मी झालं तर फॉस्फेटला हायड्रोजन चिकटतं आणि युरेनिल मोकळं होतं. अल्कधर्मी आणि कार्बोनेटने भरलेलं झालं तर कार्बोनेट बाजी मारतं. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे साध्या भूजलाच्या आसपास, युरेनिल फॉस्फेट सर्वात टिकाऊ असतं. शिवाय फॉस्फेट ओढ्यात, तळ्यात पोहोचलं तर शेवाळ माजतं, ही वेगळीच डोकेदुखी.

दीर्घकाळ टिकण्याचं खरं प्रमाणपत्र मोनॅझाइटकडे आहे. हे विरळ मृदा धातूंचं फॉस्फेट थोरियम आणि थोडं युरेनियम अंगात घेऊन शेकडो कोटी वर्षं राहतं. नदीने झिजवून समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत आणून टाकलं तरी ते दाद देत नाही. खडकांचं वय काढणारे त्यातल्या युरेनियम-शिशाच्या प्रमाणावर भरवसा ठेवतात तो याच चिवटपणामुळे. अणुकचरा कृत्रिम मोनॅझाइटमध्ये बंद करावा ही कल्पना अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या शेवटी मांडली गेली. प्रत्यक्षात कारखान्यांनी काच निवडली, कारण काच ओतायला सोपी.

## घरच्या विहिरीत निघालं तर?

विहिरीत फॉस्फेट किंवा खत टाकण्याचा विचारही करू नये. साका पडलाच तर तो पिण्याच्या पाण्यातच राहतो आणि वरून पाणी नासतं. पाणी उकळल्याने युरेनियम जात नाही, पाणी आटून ते उलट थोडं घट्ट होतं. अतिनील दिव्याचे फिल्टर जंतू मारतात, युरेनियमला ते काही करत नाहीत. कोळशाच्या साध्या फिल्टरवर यासाठी भिस्त ठेवता येत नाही.

चालतात ते दोन उपाय: रिव्हर्स ऑस्मोसिसचं (आरओ) यंत्र आणि आयनांची अदलाबदल करणारे रेझिनचे मणी. रेझिन घेताना मात्र प्रकार पाहावा लागतो. जड पाणी मृदू करणारं नेहमीचं रेझिन धन आयन पकडतं. विहिरीच्या पाण्यातलं युरेनियम धातू असलं तरी कार्बोनेटने वेढलेलं असल्यामुळे ऋणभारित असतं, त्यामुळे त्याला ऋण आयन पकडणारंच रेझिन लागतं. कॅल्शियम फार असेल तर त्या गोळ्याचा ऋण भार कमी होतो आणि रेझिनची पकडही ढिली पडू शकते, म्हणून यंत्र बसवल्यावर पाणी पुन्हा तपासून घेणं आलंच. आणि रेझिन मिठाच्या पाण्याने धुतलं की अडकलेलं सगळं युरेनियम त्या धुवणात उतरतं. ते धुवण किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसचं टाकाऊ पाणी त्याच विहिरीच्या काठाशी मुरू देऊ नये.